बिनवशाटाची पंगत

भागी मुकणेला राग यायला कारण लागत नाही. कारण ती नंतर शोधते, आणि पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा सापडतंच.

डोळखांबच्या रस्त्याला गाव संपतं आणि रान सुरू होतं, त्या मधल्या चढावर मूठभर घरं आहेत. त्यांतलं एक तिचं. गावातले लोक त्या जागेला कातकरवाडी म्हणतात, आणि म्हणताना हात असा बाहेरच्या बाजूला झटकतात की ऐकणाऱ्याला वाटावं, वाडी पार घाटापलीकडं असेल. भागीचं अर्धं आयुष्य भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलं. तिथंच ती बोलायला शिकली, म्हणजे भांडायला शिकली. तिच्या लेखी दोन्ही एकच. आता ती भट्टीवर जात नाही. दुसऱ्यांच्या भातात मजुरी करते, रान फिरते, आणि उरलेला सगळा वेळ कातकऱ्यांच्या संघटनेचा. कुठल्याही कचेरीत ती शिरली की शिपाई तिला आधी खुर्ची देतो, मग आत जाऊन साहेबांच्या कानात सांगतो, "आली." नाव सांगावं लागत नाही.

सगळ्या जगाची टर उडवणारी ही बाई एका गोष्टीवर मात्र कधी हसत नाही. ती म्हणजे ताट. लग्न होऊन वाडीत आली त्या वर्षी गावात कुणाचं तरी मोठं लग्न होतं. सगळ्या पंगतीला स्टीलची ताटं, आणि वाडीच्या माणसांना शेवटी, कुंपणाजवळ, कागदी पत्रावळी. वाढपी म्हणाला, "ताटं कमी पडली गो." भागीनं मांडवामागं जाऊन बघितलं. धुतलेल्या ताटांची चळत कमरेएवढी उंच, पालथी घालून ठेवलेली. ती उपाशी घरी आली, आणि वाटेत नवऱ्याला, बुधूला, इतकं बोलली की जणू ताटं त्यानंच लपवली होती. बुधू तेव्हापासून कमी बोलतो.

तर या भागीची मुलगी मिताली. नर्सिंग शिकली, कल्याणला एका दवाखान्यात लागली आणि तिथल्या लॅबमधल्या स्वरूपवर तिचा जीव बसला. स्वरूप मुरबाड तालुक्यातला, वैशाखऱ्याकडचा, कुणब्याच्या घरातला. पोरगा बरा. जिमला जातो, उकडलेल्या अंड्यातलं पांढरं खातो आणि पिवळं बाजूला काढून ठेवतो. भागीनं ते एकदा बघितलं आणि मितालीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ह्याला लहानपणी घरी कोण मारीत नव्हतं काय?" तेवढं सोडलं तर तिला त्याच्यात खोट सापडली नाही, आणि शोधली नसेल असं कुणी समजू नये.

खोट सापडली ती त्याच्या घरचे पहिल्यांदा आले तेव्हा. गाडी वाडीच्या तोंडाशी चिंचेखाली उभी राहिली. पुढच्या सीटवर स्वरूपचा बाप देवजी, गळ्यात तुळशीची माळ. तो डोळे मिटून बसला तो उतरलाच नाही. भागीनं मनात नोंद केली, की वाडी दिसू नये म्हणून डोळे मिटतोय. स्वरूपची आई वत्सलाबाई उतरल्या, पण घरातनं आणलेली पाण्याची बाटली काखेत धरून. चहा पुढं आला तशा म्हणाल्या, "चहा नको हो. आमच्या ह्यांच्या गळ्यात माळ हाय ना. वशाट शिजलेल्या चुलीवरचं चालत नाय आमच्यात."

स्वरूपचा काका महिपत मात्र तेवढ्यात घरामागं जाऊन बुधूच्या कानाला लागला होता, "पावणं, पहिल्या धारेची मिळंल काय?" मिळाली. ती कुठल्या चुलीवर निघाली होती, ते त्यानं विचारलं नाही.

भागीनं चहा फेकून दिला नाही. सगळ्यांच्या वाट्याचा स्वतः प्यायली, उभ्यानं, वत्सलाबाईंकडं बघत. आणि गाडी सुरू झाली तेव्हा दारावर हात ठेवून म्हणाली, "विहीणबाई, पुढच्या खेपेला सुपारी फोडाला याल. तवा जेवून जाचं. माझ्या घरी, माझ्या ताटात. तुमी जेवलात तर सुपारी फुटंल. नाय तर नाय."

गाडी गेल्यावर मिताली आईवर तुटून पडली. तीही तिचीच मुलगी.

"आये, लग्न माझं हाय का तुझ्या संघटनेचं?"

"तुझंच हाय. म्हनून तर बोल्ले. जी सासू माझ्या घरचा चहा पीत नाय ती तुझ्या हातचं पानी कशी पील?"

"स्वरूप पितो ना!"

"स्वरूपशी कोण भांडतंय? तो बिचारा अंडंबी अर्धं खातो."

"आणि नाय जेवले तर? खरंच मोडशील?"

भागीनं रिकामे कप उचलले. तिच्या तोंडून शब्द निघून गेला होता, आणि निघालेला शब्द परत घ्यायची सवय तिला नव्हती. पण त्या रात्री तिला मिताली कुशीवर वळताना ऐकू येत होती. मुलीचं लग्न आपण एका जेवणावर पणाला लावलंय, हे तिला तेव्हा नीट कळलं.

मग तिनं डोकं लावलं. भट्टीमालकाशी भांडताना ती आधी एवढंच बघायची, की हा काय काय कारणं सांगेल. तेच इथं. माळ हे कारण? मग वशाट, म्हणजे मटण-मासळी, रांधायचंच नाही. कुणालाच नाही. मटण खाणाऱ्यालाही नाही, म्हणजे 'त्याच पळीनं वाढलं' हेही म्हणायला नको. चूल वशाटाची? नवी चूल मांडते, अंगणात, नदीतले दगड आणून. भांडी? राखेनं घासते, तोंड दिसेपर्यंत.

"मग कागदी प्लेटा आणू काय?" मितालीनं सुचवलं. "म्हणजे ताटाचाबी प्रश्न नको."

भागीनं तिच्याकडं असं बघितलं, की मितालीनं तो विषय परत काढला नाही.

"चूल नवी मांडीन," भागी म्हणाली, "पण ताटं हीच. आन हात हेच. हाताला नवा दगड नाय मिळत."

वाडीत ही बातमी पसरली तशी बोंब झाली. पावण्याला कोंबडा नाही म्हणजे पावण्याला पावणाच मानलं नाही, अशी वाडीची रीत. बुधूनं तर मितालीच्या सुपारीसाठी म्हणून एक कोंबडा वर्षभर पोसला होता. लाल तुऱ्याचा, नुसत्या चालण्यातच माज. बुधू बऱ्याच दिवसांनी एक पूर्ण वाक्य बोलला, "मग ह्याचं काय कराचं?"

"त्याला पावण्यांच्या संगं बसव," भागी म्हणाली.

आता रांधायचं काय? मितालीनं कल्याणच्या मॉलमधनं एक पाकीट आणलं. वर बकऱ्याचं चित्र आणि बकऱ्याच्या शेजारी हिरवं पान.

"आये, हे झाडापासनं केलेलं मटण. प्लांट बेस्ड. सगळ्यांना चालतं, माळवाल्यांनापण."

बुधूनं पाकीट उलटंपालटं केलं. "कुठच्या झाडाला लागतं?"

"सोयाबीनचं असतं, बाबा."

"मग सोयाबीनचा फोटो टाकाचा. बकऱ्यानं काय केलंय?"

शिजवून बघितलं. भागीची थोरली नणंद जाणू, जी नवरा गेल्यापासून यांच्याकडंच राहते आणि जिच्या तोंडात मोजून चार दात आहेत, तिनं एक तुकडा बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवला.

"हाड कुठाय?"

"आत्या, ह्यात हाड नसतं."

"मग हा बकरा उभा कसा राहाचा?"

भागीनं एक घास खाल्ला आणि निकाल दिला. "चव वाईट नाय. पण मटण नाय तर नाय, त्याचं सोंग कशाला? आपन जेवाला बोलावतोय का तमाशाला? आन ते पनीर-बिनीर हॉलमधी खातील. माझ्याकडं आलेत तर माझ्या रानातलं खातील."

आणि रानात तेव्हा शेवळं आली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर शेवळं ही भाजी नाही, मिजास आहे. पेरणीच्या तोंडावर जमिनीतून जांभळट कोंब वर येतात, थोडे दिवस दिसतात आणि गायब होतात. नीट सोलली, आतला पिवळा भाग काढून टाकला, काकडाच्या तुरट-आंबट फळांचा रस घालून शिजवली, तर मटण खाणारा माणूसही वाटी पुढं करतो. काकड घातलं नाही, तर घसा असा खाजतो की माणूस दोन दिवस बोलत नाही. वत्सलाबाईंपुरती वेगळी, बिनकाकडाची भाजी करावी असं भागीच्या मनात एकदा येऊन गेलं. पण ते फक्त आलं आणि गेलं.

सुपारीचा दिवस कळला तेव्हा भागीनं विचारलं, "सोमवार कोणी काढला?"

"स्वरूपच्या आईनं."

"मग बाईचा उपास असनार," भागी म्हणाली आणि कणगीतून वरी काढली. आपल्याच चढावरच्या वरकस तुकड्यात पिकलेली वरी, उपासाला चालणारी. वत्सलाबाईंचं सगळं पाणी तिला आता ठाऊक झालं होतं. त्या दिवशी घरामागं बाटली अर्धी झाल्यावर महिपत बुधूला सांगून बसला होता, की माळ एकट्या देवजीच्या गळ्यात आहे. महिपतच्या घरी रविवारी मटण शिजलं की वत्सलावहिनींना पुतण्यांची फार आठवण येते आणि त्या जेवायच्या वेळेलाच भेटायला येतात.

सोमवार उजाडला. वाडीतल्या बाया सकाळीच शेवळांचे भारे घेऊन आल्या; अंगणात ढीग लागला. नव्या चुलीवर मोठा टोप चढला. कांदा, लसूण, वाटलेलं खोबरं, मसाला, काकडाचा रस. बाजूला नाचणीच्या भाकरी, कुरडूची भाजी, तांदळाचा भात, वालाचं बिरडं, स्वरूपसाठी उकडलेले हरभरे, वत्सलाबाईंसाठी वरी आणि शेंगदाण्याची आमटी, वर पिकलेले रायवळ आंबे. एकेक पदार्थ एकेका कारणाच्या थोबाडीत मारायला होता. भागी सगळ्यांकडं बघत उभी राहिली. आता काय सांगशील, सांग.

तेवढ्यात फोन आला. गाडी खालच्या वळणावर चिखलात रुतली होती. भागी पदर खोचून निघाली, बुधू फळी घेऊन मागं. जाताना तिनं जाणूला टोपाशी बसवलं. "जाणूबाय, नुसतं बघ. करू कायपन नको."

जाणूनं बघितलं. मग चाखलं. मग तिला वाईट वाटलं. एवढी कोवळी शेवळं, एवढा मसाला, आणि चव मात्र अर्धी. भागी गडबडीत विसरली बिचारी. जाणूच्या उशाशी एक डबा असतो. त्यात भाजून कुटलेल्या जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, पूड. दात नाहीत म्हणून बारीक कुटलेली. ती ही पूड आमटीत टाकते, चटणीत टाकते, एकदा चहाच्या पावडरीचा डबा समजून चहातही टाकली होती. तिनं चांगली मूठभर घेतली, टोपात सोडली, ढवळली आणि झाकण ठेवून पुन्हा नुसती बघत बसली.

फळीवरून गाडी निघाली आणि पाहुणे आले; गाडी या वेळी थेट अंगणाच्या कडेला लागली. देवजी उतरला. आज त्याचे डोळे उघडे होते आणि नाकही. अंगणात पाय ठेवताच तो चुलीकडं वळून बघायला लागला. स्वरूप मितालीला शोधत होता. महिपत कोंबड्याकडं बघत होता.

"हा नुसता चालतोच काय?"

"आज सोमवार हाय," बुधू म्हणाला.

"त्याला काय ठाव?"

ओटीवर पाट मांडले होते, पाटांपुढं ताटं. स्टीलची, लखलखीत, काठावर भागीचं नाव कोरलेलं. वत्सलाबाई पाटापर्यंत आल्या, ताटाकडं बघितलं आणि थांबल्या.

"माझा उपास हाय हो. सोमवार ना."

"ठाव हाय," भागी म्हणाली आणि वरीचा टोप उघडला. "वरी हाय, दाण्याची आमटी हाय, आंबा हाय. मीठबी सैंधव."

वत्सलाबाईंचा चेहरा पडला. पण बाई काही कच्ची नव्हती. "नाय हो, आजचा निरंकार हाय. पाणीसुद्धा नाय." आणि त्या वळून गाडीत जाऊन बसल्या.

निरंकार उपासावर रांधता येईल असं काही अजून निघालेलं नाही. भागी पळी घेऊन उभी. मिताली दाराच्या चौकटीला धरून. तिचा चेहरा भागीनं बघितला आणि नजर दुसरीकडं नेली. निदान हे तिघं तरी. बापानं खाल्लं तर आई किती दिवस तोंड बांधून राहील?

तिनं वाढायला घेतलं. देवजीनं ताटाभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले. जेवायच्या आधी त्याचं काहीतरी म्हणणं चालायचं, आणि ते लांबलचक होतं. महिपतला म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि चेहरा उजळला.

"वा गो वा! बिनवशाटाचं बोल्लीस, आन हे मटणाच्या तोंडात मारील असं झालंय! नुसत्या शेवळांना ही चव? काय घातलंस काय?"

भागी फुगली. वाढायला वाकली आणि त्याच्या ताटातल्या भाजीची वाफ तिच्या नाकाशी आली. ती वाकलेलीच राहिली.

हा वास तिला जन्मापासून ठाऊक होता. तिनं मागं बघितलं. चुलीशी जाणू बसली होती, चेहऱ्यावर दुसऱ्याची चूक निस्तरल्याचं समाधान.

देवजीचं म्हणणं संपत आलं होतं. ओठ हलत होते, हात सुटत होते. पूड मैद्यासारखी बारीक; दिसायची नाही. महिपतला कळलं नव्हतं तर त्याला काय कळणार? वर्षानुवर्षं त्यानं मासळीची चव घेतली नव्हती. एक घास. एक घास त्याच्या घशाखाली गेला की भागीचा शब्द खरा, मितालीची सुपारी फुटली. आणि हे घरी जाऊन सांगतील, शेवळं काय झाली होती! कुणाला कधी कळणार नाही. तिला सोडून.

देवजीनं डोळे उघडले, घास केला, हात उचलला. भागीनं त्याच्यापुढचं ताट ओढलं.

नुसतं ओढलं नाही. असं खेचलं की वालाचं बिरडं त्याच्या धोतरावर सांडलं. स्वरूप उभा राहिला. मितालीनं तोंडावर हात घेतला. गाडीच्या खिडकीतून वत्सलाबाईंचा आवाज आला, "बघा! बघा! माणसाच्या फुडचं ताट वढतात! मी सांगत होते!"

"उपास हाय ना तुमचा? मग गप बसा!" भागी ओरडली. आणि मग देवजीकडं वळली. तिच्या आयुष्यात तिला सगळ्यात जड गेलेलं वाक्य हेच असावं. "खाऊ नका. याच्यात जवळा पडलाय."

 मग जाणू चुलीपासून म्हणाली, "पडलाय कशाला? मी टाकलाय."

"जाणूबाय!"

"काय जाणूबाय? वशाट नको बोल्लीस. वशाट म्हंजे रगत. सुकटीला रगत कुठाय? ती तर वाळलेली. शेवळांत जवळा नाय तर काय टाकाचा, माती?"

महिपतनं मान डोलावली. "म्हातारी बरोबर बोलते." आणि पुढचा घास घेतला.

देवजीचा हात अजून अधांतरी होता, बोटांत घास. त्यानं तो घास बघितला, उठून अंगणाच्या कडेला ठेवला, हात धुतला. कोंबडा धावत आला आणि मितालीच्या सुपारीला तोही पावण्यांच्या संगं जेवला.

भागी वाट बघत होती. आता हा गाडीत जाऊन बसणार. आणि या वेळी त्याचं कारण खरं असणार.

देवजी परत येऊन पाटावर बसला. "ताट बदला."

भागीच्या डोक्यात ठिणगी पडली. "बदलते. पन आधी सांगा. सुकटीमुळं बदलू का आमच्यामुळं?"

"आये!" मिताली कळवळली.

"नाय, सांगू दे त्याना. एकदाच सांगू दे."

देवजीनं धोतरावरचं बिरडं निपटलं. तो काही संत-महंत नव्हता. भुकेलेला, चिडलेला, भाताच्या राबात उभं आयुष्य घालवलेला म्हातारा होता. "सुकटीमुळं. तुमच्यामुळं बदलाचं असतं तर गाडीतनं कशाला उतरलो असतो?"

"मागच्या खेपेला नाय उतरलात ते?"

"मागच्या खेपेला मला कोणी उठवलं? रातभर पंपावर पाणी धरलेला मी. डोळा लागला. उठलो तं गाडी परतीच्या वाटेला, सरळगावात."

"आन चहा? माळवाल्याला आमच्या चुलीवरचा चहा चालत नाय बोल्ले ते?"

"चहाला माळ कधीपासनं आडवी येते?" देवजी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच काहीतरी उमगलं. त्यानं मान वळवून गाडीकडं बघितलं. गाडीची काच हळूहळू वर गेली.

भागीनं नवं ताट आणलं. तेच स्टीलचं, तेच नाव.

"बाकीचं सगलं साफ हाय. भाकर, बिरडं, कुरडू..."

"ते हाय. पण शेवळांसाठी आलोय मी. तो ढीग कसला?" देवजीनं अंगणातल्या न सोललेल्या शेवळांकडं बोट दाखवलं. "करा परत. मी थांबतो."

"घंटाभर जाईल."

"मग सोलायला द्या ना इकडं. नुसता बसून काय करू?"

तर असं झालं, की मुरबाडचा वरबाप धोतर खोचून भागीच्या अंगणात शेवळं सोलत बसला. सोलता सोलता तिला शिकवायला लागला, की त्याची आई त्यात वाल घालायची आणि काकड थोडं कमी. भागीनं त्याला स्पष्ट सांगितलं, की तुमच्या आईची भाजी खाजत असनार. देवजी म्हणाला, कधीमधी खाजायची. जाणूला दूर चिंचेच्या पारावर बसवलं आणि तिच्यावर नजर ठेवायला स्वरूपला नेमलं. तिनं त्याला विचारलं, तू अंड्याचं पिवळं कोणाला देतोस, आन मना का देत नाय.

आणि पहिला टोप? तो बाजूला ठेवलेला, झाकण अर्धवट. महिपत त्याच्याशी जाऊन बसला होता. वारा खालच्या अंगाला वाहत होता, गाडीच्या दिशेनं.

वत्सलाबाईंचं माहेर तानसाकडचं. शेवळं आणि जवळा हे त्यांच्या बालपणाचं जेवण. माळ घरात आल्यापासून सुकट घरात यायची नाही, आणि महिपतच्या बायकोला शेवळं सोलायचा कंटाळा. म्हणजे कित्येक वर्षांत त्यांनी हा वास घेतला नव्हता. आधी काच खाली आली. मग दार उघडलं. मग एक पाय बाहेर आला.

"अहो... ऐकलं का," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "मला चक्कर येतेय. बीपीची गोळी घ्याची हाय. रिकाम्या पोटी नाय चालत डॉक्टर बोललेत."

कारणं त्यांचीच होती, फक्त आता ती भागीच्या बाजूनं चालायला लागली होती. भागी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग पहिल्या टोपात पळी घातली आणि भरलेली पळी घेऊन गाडीशी गेली.

वत्सलाबाईंनी पिशवीतून डबा काढला होता. त्याचं झाकण उलटं करून पुढं धरलं. "ह्यात दे थोडं. जास्त नको."

भागीची पळी हवेतच राहिली. वाफ वर येत होती. जवळा, काकड, भाजलेलं खोबरं.

"ह्यात नाय, विहीणबाई."

"का गो?"

"ताटात."

"माझं झाकण धुतलेलं हाय."

"माझं ताटबी धुतलेलं हाय."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मिताली ओटीवरून हलली नाही. तिला आता आईची लाज वाटत नव्हती, नुसती भीती वाटत होती. आणि भीती वाटताना ती नेहमी आईच्याच बाजूला असे. देवजीनं शेवळं सोलणं थांबवलं होतं. महिपत तोंड भरलेलं असताना म्हणाला, "वहिनी, लवकर ठरवा, नायतर मी सांगून ठेवतो, इथं फार उरणार नाय."

वत्सलाबाईंनी झाकणाकडं बघितलं. पळीकडं बघितलं. नाकानं त्यांच्याशी दगा केला होता, आणि आता तोंडाला पाणी सुटून निरंकारही मोडलाच होता.

"आण तुझं ताट," त्या म्हणाल्या. "पण मी खाली येनार नाय. गाडीतच बसनार. पाय दुखतात."

भागीच्या तोंडाशी दोन शिव्या आल्या होत्या. तिनं त्या गिळल्या, कारण ताट म्हणजे ताट. स्वतः जाऊन आणलं, धुतलेलंच परत पुसलं, काठावरचं नाव वत्सलाबाईंकडं येईल असं धरलं आणि वाढलं. वत्सलाबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मिटूनच दुसरा घेतला.

"काकड कमी पडलंय," त्या शेवटी म्हणाल्या. आणि ताट पुढं केलं. "अजून वाढ."

भागीनं वाढलं. मग वळली आणि ओटीकडं बघून ओरडली, "मिताले! उभी काय राहिलीस? सुपारी आण!"

"आये, त्या गाडीत बसून जेवतायत. तुझ्या घरी बोल्ली होतीस."

"बोल्ले होते," भागी म्हणाली. "आज ताट झालं. पाट फुडच्या खेपेला."